रुमालाखालचा भाव

पहिला आठवडा मी नुसती शिंकले.
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची धूळ
भिंगावर, वहीच्या कडांवर, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा.
प्रकल्पाच्या आराखड्यात पहिली ओळ : संशोधन.
तिच्यापुढे चार पिवळे ठसे.

बाळगोंडा खोत म्हणाले,
"पूर्वी असा बोंबलून सौदा नव्हता गं.
दोन हातांवर रुमाल टाकायचा.
बोटं धरली की भाव.
तोंडानं इचारायचं, कृष्णेला पाणी किती चढलंय?"
मी कॅमेरा सरसावला.
"भायरनं काढ काय काढायचं ते.
रुमालाच्या आत न्हाई."

बाहेरून काढलं.
सव्वीस तास चित्रण :
एक पांढरा रुमाल, त्याखाली काहीतरी हलतंय,
वर दोन म्हातारे, चेहरे कोऱ्या पाटीसारखे.
कॉलेजात सरांनी पडद्याकडे बघत विचारलं,
"यात दिसतं काय?"

मग अ‍ॅनिमेशन केलं. बोटं, पेरं, आकडे, बाण,
मागे हलकंसं संगीत.
खोतांनी मोबाइल लांब धरून दोनदा बघितलं.
"बरोबर हाय," म्हणाले.
"पण हे समद्यांना दिसतंय की."

त्या रात्री मी तीन महिने ओढून कचरापेटीत टाकले.
पेटी रिकामी केली नाही.
एवढी हिंमत नव्हती.

पडदा गेला. राहिला हात.
साचा घ्यायला खोत वीस मिनिटं
प्लास्टरच्या बादलीत मनगटापर्यंत बुडून बसले,
तेवढ्यात दोन जणांच्या शेतीची भांडणं मिटवली.
साचा उकलला तर तर्जनी अर्धीच.
कडबाकुट्टीत गेलेली, एकोणऐंशी साली.
मी विचारलं, मग त्या बोटाचा भाव कसा द्यायचा?
"समोरचा समजून घ्यायचा."
सिलिकॉनमध्ये मी ती पूर्ण केली नाही.

मिरजेच्या इलाही मुजावरनं जुन्या प्रिंटरमधल्या मोटारी दिल्या.
पहिला हात इतका जोरात आवळायचा
की माझी करंगळी दोन दिवस ठणकत होती.
दुसरा नुसताच थरथरायचा, तापातल्यासारखा.
सहाव्याला कुठे माणसाची पकड आली,
तीही बुधवारी, सादरीकरण गुरुवारी.

शेवटी एक पेटी. वर रुमाल.
आत हात घालायचा, बाकी कुठे काही दिसत नाही.
माध्यमे या रकान्यात मी लिहिलं :
कापड, सिलिकॉन, आवाज, हळद.
परीक्षकांनी चौथ्या शब्दाखाली रेघ मारली.

खोत आले ते धुतलेली टोपी घालून.
रांगेत थांबले. रुमालाखाली हात सरकवला.
आतल्या त्यांच्याच हातानं त्यांचा हात धरला,
आणि पेटीतून त्यांचाच आवाज आला,
कृष्णेला पाणी किती चढलंय?

चेहरा कोरी पाटी.
मागची पोरं चुळबुळायला लागली.
रुमाल हलत होता, हलत होता.
"उतरतंय," खोत पेटीला म्हणाले,
"उतरतंय आता हळूहळू."