एकोण

मरोळच्या सुक्या बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर,
जिन्यात बोंबलांचा वास आणि वर बीन बॅगा,
तिथे आमची कंपनी होती. नाव खणखण.
मला घेतलं होतं तक्रारींचे फोन उचलायला,
पण आवाज देणारी बाई
दिवसाचे अठरा हजार मागत होती,
म्हणून शार्दूल म्हणाला, तूच बोल ना.

स्टेशनरीच्या कपाटात दोन गोधड्या टांगल्या,
एसी बंद, पंखा बंद,
आणि मी घामाने निथळत आकडे म्हटले.
सेंथिलने हिशेब धरला होता अठ्ठावीस तुकड्यांचा,
वीस आणि एक, वीस आणि दोन, जोडत जायचं.
तसं नाही जमणार रे, मी म्हटलं,
आमच्यात शंभरापर्यंत प्रत्येकाचं वेगळं बारसं झालंय.
त्याने कपाळाला हात लावला. मग विचारलं,
हे सारखं एकोण एकोण काय आहे?
एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी.
म्हणजे तुम्ही पुढचं आधीच धरून चालता
आणि मग किती कमी पडलं ते सांगता?
यालाच फंडिंग म्हणतात,
शार्दूल दारातूनच बोलला.

डबे लागले. चक्कीवर, इस्त्रीच्या टपरीत,
नारळवाल्याच्या गाडीवर सुतळीने बांधून.
दळण घ्यायला गेले की मीच डोक्यावरून ओरडायचे,
बेचाळीस रुपये जमा!
बाबांनी त्याच महिन्यात फोनवरून पैसे पाठवायला शिकून घेतलं.
दूध घेऊन झालं तरी दुकानासमोर उभे राहून
एक रुपया, एक रुपया, एक रुपया.
शेवटी शेट्टी म्हणाला, काका, मुलीला फोन करा की.

मग एका मंगळवारी
सगळ्यांच्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटं आली.
शार्दूलने कॅमेरा लावला नव्हता.
त्याच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं
गोल चकतीत बसून बोलत होतं.
खणखणचं ठणठण झालं हा विनोद
आठवडाभर आम्हीच एकमेकांना पाठवला.
एकतीस तारखेच्या रात्री सर्व्हर बंद केला
आणि मरोळभर माझी दातखीळ बसली.

आता दुसऱ्या कंपनीचे डबे आहेत.
त्यातल्या बाईला चौसष्ट नीट म्हणता येत नाही.
हे मी कुणाला सांगत नाही.

धनूबाई वैतीकडे मात्र दोन डबे.
नवा समोर, आमचा जवळ्याच्या टोपलीआड,
वर प्लास्टिकची पिशवी.
त्याच्या पोटात शेवटची रक्कम राहून गेलीय,
बटण दाबलं की तेवढीच बोलतो.
रोज सकाळी ती ताडपत्री सोडते, पाणी शिंपडते,
बटण दाबते: एकोणसाठ रुपये जमा!
मग म्हणते, झाली भवानी,
आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच
कपाळाला हात लावून मोकळी होते.

मी वाटा मागितला तशी ती थांबली.
तुजा आवाज ऐकलाय गो कुठंतरी.
टीव्हीत हायस?
नाही म्हटलं.
सध्या काय करतेस, तेही तिने विचारलं नाही,
बरं झालं.
साठ रुपये. मी फोन काढला, पाठवले,
नवी बाई बोलली, साठ तिला जमतं.
धनूबाईने जुना डबा उलटा करून दाखवला.
याची वायर उंदरानं खाल्ली.
जुन्या पिनची आता मिळत नाय कुठं.

आमच्या माळ्यावर पिशवीभर आहेत.
पगाराऐवजी मिळाल्या होत्या, असं मी घरी सांगते,
आणि त्यात फारसं खोटं नाही.
उद्या आणते म्हटलं.
वळले, तर मागून तिने उगाच बटण दाबलं,
दुपारचे दोन, भवानी कधीच होऊन गेलेली,
आणि गोधड्यांमागच्या त्या काळोखातून
घामेजलेली मी, भर बाजारात,
साठाला एक कमी.