शेपूट

क्लाक्सविकमध्ये वारा पडायचे दिवस
वर्षाकाठी एका हाताच्या बोटांवर मोजावेत,
आणि त्यातले दोन मी झोपेत घालवतो.
म्हणून हे जाळ्यांचं गोदाम, पाळी संपल्यावर.
टांगलेल्या जाळ्यांच्या मधोमध सात पावलं मोकळी जागा,
कॉडचा वास, फडफडणारी एक ट्यूबलाइट,
आणि फरशीवर आमचं हेलिकॉप्टर:
वजनाला माझ्या एका बुटाएवढं,
पायांना आडव्या काड्या, काड्यांच्या टोकांना टेबल-टेनिसचे चेंडू.
पांगुळगाडाच तो.

बिरिता तेरा वर्षांची. माझ्या भावाची.
"आधी मोटरची वायर काढ, काका,
नाहीतर बोटं मोजत बसशील."
काढली.
मग तिने सर्वोचे हात काटकोनात आणले,
पात्यांखालची तबकडी पट्टी धरून समतळ केली,
एका दांडीचा आटा सोडला, दुसरीचा अर्धा आवळला,
जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात.
चाळीस वर्षं मी जाळ्यांना गाठी मारल्या,
पण हे मोहरीएवढे सांधे
माझ्या बोटांना जुमानत नाहीत.

पात्यांच्या टोकांना चिकटपट्टी: एकाला तांबडी, एकाला निळी.
वायर जोडली, लांब जाळीआड उकिडवे बसलो,
नजर पात्यांच्या पातळीत.
निळी वर, तांबडी खाली,
एका घरात दोन चुली.
एक आटा. पुन्हा फिरव. अजून अर्धा.
मग दोन्ही रंग एकमेकांत विरघळले
आणि हवेत एकच जांभळी कड उरली.
मी टाळी वाजवली. तिने नाही.

कारण शेपूट.
जमिनीवरून चेंडू उचलले जातात न जातात
तोच ते गर्रकन फिरायचं, भोवऱ्यासारखं,
जाळीत घुसून अडकायचं
आणि मी ते माशासारखं सोडवायचो.
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, कळेना.
बॅटरी थंड असेल, म्हणून ती स्वेटरच्या आत
पोटाशी धरून बसलो अर्धा तास.
पट्टा पाहिला, दात शाबूत.
दांडा काचेवर लोळवला, सरळ.
शेपटीची पाती बदलली, एकशे दहा क्रोन गेले.
"नळीत घातलं तरी वाकडंच," मी म्हणालो.
"नळीत नकोच घालायला," ती म्हणाली.

मोटर पुन्हा सोडवून
तिने ते दोन्ही हातांनी उचललं,
नाक झटकन उजवीकडे वळवलं
आणि शेपटीच्या पात्यांकडे बघत राहिली.
पुन्हा वळवलं. पुन्हा.
"गायरो उलटा आहे.
नाक उजवीकडे गेलं की त्याने डावीकडे ओढायला हवं.
हा अजून उजवीकडेच ढकलतोय."

गायरोच्या कुशीत नखाएवढं बटण होतं.
मी तिच्या हातातल्या पेचकसाकडे पाहत होतो
आणि मला बंदरावरचं टेबल आठवलं.
भाऊ दुसरी बाटली मागवायचा,
मी दोन ग्लास पुढे करायचो.
तो म्हणायचा, बोट विकू. मी म्हणायचो, विकूच.
तो कलला की मीही त्याच बाजूला कलायचो,
आणि त्याला आम्ही जिवाला जीव देणं म्हणायचो.

टक्.
एवढासाच आवाज.

मग ते उठलं.
चेंडू फरशीपासून वीतभर, मग गुडघ्याएवढे वर,
जाळी वाऱ्याने हलायला लागल्या,
जमिनीवरचे खवले सैरावैरा,
आणि शेपूट थरथरत का होईना
एका जागी उभं.
बिरिताचे अंगठे काड्यांवर, श्वास बंद.
मी मनात मोजत होतो: अकरा.
बाराव्याला बॅटरी दमली
आणि ते धप्पकन बसलं, एक चेंडू निखळून
फ्रीजरखाली गेला.

वहीत तिने लिहिलं:
गायरो उलटा होता. अकरा सेकंद.
अजून किंचित डावीकडे ओढतंय.
मग पेन चावत विचारलं,
"डेन्मार्कमध्ये आता किती वाजले असतील?
बाबांच्या दवाखान्यात फोन नऊपर्यंतच घेतात."
एक तास पुढे, मी म्हणालो,
आणि चेंडू काढायला
काठी शोधू लागलो.