सफेता

गजबाकाका होड्यांवर नावं लिहायचे,
सर्जेकोटला, वाळूत कलंडलेल्या होडीपाशी उकिडवे बसून.
वेलांटी आधी काढत, अक्षर नंतर.
असं का, विचारलं तर म्हणत,
"आधी छप्पर, मगे माणूस."

सफेता यायचा पत्र्याच्या डब्यात,
जवसाच्या तेलात खललेला, लोण्यासारखा दिसणारा,
पण डबा उचलला की हात खाली जायचा
जणू आत कुणी बसलंय.
बाजारात नवे पांढरे आले, जस्ताचे, टिटॅनियमचे.
काकांना ते ताकासारखे वाटत.
कणकवलीच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने
मागच्या खोलीतून शेवटचे सात डबे काढून दिले,
ते त्यांनी खाटेखाली ठेवले. जेवायचे त्याच खाटेवर.

ब्रशाला टोक आणायला ओठ.
"जरासो गोड लागता गे."
मी नववीत होते. हसले.

पुढे कॉलेजात, मालवणला,
शिशाच्या क्षारांच्या पानावर तोच गोडवा भेटला,
आणि त्याच्या पुढे तीन शब्द: चाखून पाहू नये.

त्या वर्षी लवू मेथराची जयवंती
पावसाळाभर खाडीत होती, कांदळवनाच्या आडोशाला.
बाहेर काढली तेव्हा नाव काळं.
फळी तशीच, निळा पट्टा तसाच,
फक्त चार अक्षरं जळल्यासारखी.
लवूच्या आईने मीठमिरच्या आणल्या.
कुणी म्हणालं, रंग खोटा. ते काकांनी ऐकलं.
दोन दिवस ते जेटीवर आले नाहीत.

मी प्रयोगशाळेतून एक कागदाची पट्टी आणली,
शिशाच्याच दुसऱ्या क्षारात बुडवून वाळवलेली.
काठीने चिखल ढवळला,
तो कुजक्या अंड्याचा वास आला, आपल्या खाडीचा, लहानपणापासूनचा,
आणि पट्टी वर धरली.
पिवळट. तपकिरी. मग काजळाला आरशाची चमक आल्यासारखी.
"काका, कागदाक पण नजर लागली?"
ते बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले.
म्हणाले, "म्हणजे चिखल श्वास घेता."

मेडिकलमधून जखमा धुवायचं औषध आणलं,
ते फेसाळणारं, हायड्रोजन पेरॉक्साईड,
कापसाने टिपत गेले.
आधी ज आला. मग य. अनुस्वार सगळ्यात शेवटी.
लवूच्या आईने बाटलीला हात जोडले.
आता तिथे सफेता नव्हता,
शिशाचा तिसराच कुठला क्षार होता, पण पांढरा.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

काकांच्या पोटात मुरडा यायचा, ते ओवा खायचे.
मग हिरड्यांवर एक निळसर रेघ,
आणि एक दिवस उजवं मनगट
वल्हं सोडल्यासारखं लोंबलं.
ओरोसच्या डॉक्टरांनी विचारलं, धंदा काय?
शिसं चुन्याचं सोंग घेऊन हाडात शिरतं,
पोटभाडेकरूसारखं. निघता निघत नाही.
माझ्याजवळची बाटली तिथवर पोचत नव्हती.

शेवटची फळी घरी आहे.
तिच्यावर फक्त एक वेलांटी.

आता मी शिकवते.
जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा.
त्या कपड्यांनी बाळाला उचलू नका.
बिडी नंतर. आधी हात, साबणाने, नखांतसुद्धा.
पोटुशी बाई घरात असेल तर काम बाहेर, लांब.
उरलेलं खाडीत ओतू नका.
खाडीला आधीच पुष्कळ पचवायचं असतं.
मुलं लिहून घेतात. काही जांभया देतात.

सातवा डबा कपाटात आहे, कुलपात, न फोडलेला.
वर माझ्या हाताची चिठ्ठी, लाल शाईत.
वर्षातून एकदा बाहेर काढते,
हातमोजा देते, म्हणते, उचलून बघ.
दरवेळी कुणाचा तरी हात
थोडा खाली जातो.