कुंभारमाशी

भंगाराच्या भावात घेतला मी तो फोर्कलिफ्ट,
किलोवर.
साडेतीन टन, आणि त्यातलं निम्मं
नुसतं बिडाचं बूड:
पुढचं ओझं पेलावं
म्हणून मागे बांधलेलं ओझं.

भोसरीत, जे ब्लॉकच्या मागे,
गास्केटच्या बंद कारखान्यात
चौदा वर्षं सुबाभळीखाली उभा.
सीटचा फोम उंदरांनी वाटून घेतलेला,
सिलिंडर गायब, आणि त्याचा पट्टा
दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या
कमरेवरून घसरावा तसा लोंबत.
प्रज्योत म्हणाला, आत्या, कापून टाक,
बिडाला भाव आहे.

मी दस्तगीर मुलाण्यांना फोन केला.
स्कूटरच्या पायाशी अवजारांची गोणी घेऊन आले.
उजवा कान गेलेला.
डाव्यानं त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं.
पहिल्या दिवशी हात लावला नाही,
वाकून वाकून बघितलं,
चहा घेतला नि गेले.

मग बॅटरी.
मग प्लग, काळे ठिक्कर.
पॉइंट घासले, शेडचं दार लोटून घेतलं,
अंधारात ठिणगी पाहिली:
कबुतराच्या मानेवर असतो तसला निळा.
नवा सिलिंडर आडवा टाकला, पट्टा आवळला,
सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावून
दोघं गप्प बसलो, बुडबुड्याची वाट बघत.
बुडबुडा नाही.
सेल मारला.
खर्र खर्र खर्र.
पुन्हा.
पुन्हा.
प्रज्योत मोबाइलमध्ये बिडाचा भाव बघत होता.

गुरुवार होता, एमआयडीसीची सुट्टी.
शेजारचे प्रेस बंद, म्हणून
मुलाणी स्वतःशी बोलत होते ते ऐकू आलं:
ठिणगी आहे. गॅस आहे.
पिस्टनात दम आहे.
मग रुसलाय कशावर हा?

रेग्युलेटरच्या पोटाखाली बोट फिरवलं त्यांनी.
बोटाला माती लागली.
लोखंडावर माती, तीही
लिंपलेली, गुळगुळीत, जिव्हाळ्यानं थापलेली.
"तुमच्या केसातला आकडा द्या."
दिला.
वाटाण्याएवढ्या भोकातून
चिमूटभर घर बाहेर आलं,
कोळ्याचे वाळलेले पाय आले,
आणि एक रिकामं, कागदासारखं कवच,
ज्यातून कोणीतरी केव्हाच उडून गेलेलं.

"कुंभारमाशी," म्हणाले.
"आत डायफ्राम असतो, कातडंच म्हणा.
एका अंगाला गॅस,
दुसऱ्या अंगाला आपली साधी हवा.
हवेनं ढकललं तर गॅसचं दार उघडतं.
या बयेनं हवाच कोंडली."

तिसऱ्या सेलला धरला.
आधी खोकला, मग उंदरांचा सगळा संसार
सायलेन्सरमधून भसकन बाहेर,
मग एक लंगडी, मग जरा कमी लंगडी चाल.
वैशाखाच्या दुपारी
रेग्युलेटरवर बर्फाची साय चढली.
मी घाबरले. ते म्हणाले, पाणी फिरू दे,
ऊब मिळाली की वितळेल.
वितळली.
तोवर त्यांचा तळहात इंजिनवर,
कानाचं काम करत.

मग दांडा ओढला.
साखळ्या ताणल्या, कण्हल्या,
काटे जमिनीपासून वीतभर सुटले, अडले,
थरथरले,
आणि गेले वर, पत्र्याला टेकतील इतके.
आतली पट्टी उघडी पडली,
चौदा वर्षं ऊन न लागलेली.
तिच्यावर अजून पिवळं ग्रीस,
आणि ग्रीसमध्ये वर ओढलेल्या
चार बोटांच्या रेघा.
शेवटच्या पाळीत कुणीतरी
उद्यासाठी लावून ठेवलेलं.

कुणाची असतील हो, मी विचारलं.
उजव्या बाजूला उभी होते बहुतेक.
त्यांनी फडक्यानं सगळं पुसून काढलं,
डब्यातून नवं ग्रीस घेतलं
आणि चार बोटांनी वर ओढलं.

आकडा त्यांनी परत केला नाही.
गोणीत टाकला,
दहा-अकराच्या पान्याशेजारी.