दोन बोटं माया

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडच्या पुलाजवळ
नाचणाऱ्यांचे कपडे शिवते मी. एकतीस वर्षं.
माझ्या वहीत नावं कमी, आकडे जास्त:
छाती, कंबर, खांदा, मनगट.
डॉक्टरकडे पोरं दुखल्यावर जातात,
माझ्याकडे वाढताना येतात.

अठराव्या वर्षी उंची थांबते,
घरचे म्हणतात, झालं, पोर हाताशी आलं.
टेप ऐकत नाही.
बाचुकीचा चोखा, तो कमरेत आवळलेला लांब अंगरखा,
अठराव्या वर्षी शिवला, विसाव्या वर्षी पाठीत फाटला
भर कार्यक्रमात, गुडघ्यांवर पडून तो उसळला तेव्हा.
छातीवरची काडतुसांची खोटी नळकांडी
टपटप सांडली फळ्यांवर.
तोंड लपवत आला. मी हसले.
अरे, चुकला नाहीस, रुंद झालास.
हाडं लांब व्हायची थांबली
तरी आतून भरत राहतात, पंचविशी, तिशीपर्यंत.
पुढचा सगळा जन्म त्या साठ्यावर काढायचा.

हे मला हाडांच्या डॉक्टरणीने सांगितलं,
माझं मनगट मोडलं तेव्हा.
साठाव्या वर्षी. फार वेळेवर.

तेव्हापासून शिवणीत माया ठेवते,
दोन बोटं, कधी अडीच.
बाहेरून दिसत नाही.

तेक्ला एकोणीस वर्षांची.
ऑक्टोबरात कंबर सहासष्ट.
डिसेंबरात म्हणाली, आत घ्या. घेतली.
फेब्रुवारीत पुन्हा. घेतली.
ही चूक माझ्याच अक्षरात आहे वहीत.

आमच्या बायका नाचत नाहीत, तरंगतात.
घोळ जमिनीला टेकलेला,
पावलं कुणाला दिसत नाहीत,
कुठलं पाऊल दुखतंय तेही नाही.

एप्रिलमध्ये आली. खिडकीतून ऊन,
आणि ती शेगडीला चिकटून बसलेली.
दंडावर बारीक लव, पिल्लाला असते तशी.
टाचण्या ओठांत धरून मी विचारलं, पाळी?
"नववर्षापासून नाही. बरंच आहे की."
आणि नडगी का चोळतेस?
"मुरगळली असेल."

नडगी मुरगळत नाही, बाई.

मी टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या.
माझं वाकडं मनगट तिच्यापुढे धरलं.
मीही तरंगायचे.
लोक म्हणायचे, नाझी, तुला पाय आहेत की नाहीत?
मी ते कौतुक खाऊन राहायचे,
सकाळ-संध्याकाळ.

ती म्हणाली, तुम्ही म्हाताऱ्या सगळ्या सारख्या.

झगा कपाटात ठेवला, किल्ली कमरेला.
ओतार मास्तर येऊन ओरडला,
दौरा जूनमध्ये, मुलगी कुठून आणू?
मी म्हणाले, हाड कुठून आणशील?
फोटोत नडगीवर केसाएवढी रेघ निघाली.
मास्तर त्या रेघेकडे बघत राहिला,
मग टोपी न घेताच गेला.

मे महिना ती बोलली नाही.
दुकानात येऊन बसायची मात्र, पाय स्टुलावर,
माझ्या जुन्या शिवणी उसवत, रागारागाने.
मी मक्याची भाकर, चीज, अक्रोडाची चटणी
तिच्या हाताजवळ ठेवायची आणि पाठ फिरवून मशीन चालवायची.
कधी भाकर तशीच परत. कधी अर्धी.
एकदा ताट रिकामं, आणि कुत्रं गल्लीत गुबगुबीत.
असेही दिवस.

ऑगस्टमध्ये, दुकानात कुणी नसताना,
हळूच म्हणाली, पॅड आहे का तुमच्याकडे?
माझ्याकडे? चौसष्टाव्या वर्षी?
समोरच्या औषधवालीकडे धावले मी,
एका पायात माझी चप्पल, एका पायात बाचुकीची.

मग झगा बाहेर काढला.
दोनदा आत घेतलेलं सगळं तिथेच होतं,
दुमडलेलं, कात्री न लागलेलं.
तेक्लाने स्वतः उसवलं.
आतलं कापड न विटलेलं, गर्द निळं,
बाहेरच्या फिक्या निळ्याशेजारी.

"हे दिसेल," ती म्हणाली.
दिसू दे.
हात वर कर. श्वास आत ओढू नकोस.