जवाल

सुट्टी लागली त्या रात्री मी वेळापत्रक केलं,
किराणावाल्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर, पट्टी धरून.
फजरनंतर कुरआन, मग पाढे, मग शुद्धलेखन,
मग एक मोठा रकाना, वर लिहिलं : सदुपयोग.
त्यात काय भरायचं ते मलाच ठाऊक नव्हतं.
खाली सही केली,
लेथवरचा जॉब पास करतो तशी.

चौथ्या दिवशी त्याच कागदावर
सबिहाने मिरच्या वाळत घातल्या.
काय बोलणार?
रात्रपाळी करून आलो की मीच पालथा पडायचो,
उशीवर मोबाइल, अंगठा चालूच,
आणि तसाच पोरांना सांगायचो, वेळ अमानत असते.
"कुणाची?" हमदानने विचारलं.
मी मोबाइल उशीखाली सारला.

काठीची गोष्ट उमैमाने काढली.
"घड्याळं नव्हती तेव्हा असर कशी कळायची?"
सावलीवरून, म्हटलं.
"दाखवा."

म्हणून कौशाच्या आमच्या गच्चीवर
रंगाच्या रिकाम्या डब्यात रेती,
रेतीत पोछ्याचा दांडा.
मी पिशवीतून ओळंबा काढला, झोप विसरून
एक डोळा मिटून दांडा सरळ केला.
समोर पारसिकचा डोंगर भाजत होता,
बायपासवर कंटेनरांची रांग,
आणि पोरं ओला टॉवेल पायाखाली सरकवत
दर तासाला खडूने रेघ मारत होती.

तिसऱ्या मजल्यावरचा तौसीफ आला,
आजमगढवाल्यांचा, उमैमाच्याच वयाचा.
सावली वाढत वाढत दांड्याएवढी झाली,
उमैमा ओरडली, असर!
तौसीफ म्हणाला, अजून कुठे, दुप्पट होऊ दे.
आम्ही शाफई, ते हनफी.
गच्चीवर दोन रेघा झाल्या,
मध्ये तासाभराचं ऊन.
"खरी कुठली?"
मी मौलवी नाही. एवढंच म्हणालो,
आमच्याकडे ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला
एक इकडची हद्द असते, एक तिकडची,
मधला जॉब कुणी भंगारात टाकत नाही.
तौसीफला हे पटलं की नाही, कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा खडू घेऊन आला.

मग रोजच.
भर दुपारची रेघ उत्तरेला पडायची,
रोज आदल्या दिवशीपेक्षा आखूड.
उमैमा वहीत सेंटिमीटर लिहायची,
पाढ्यांची वही होती ती, मी काही बोललो नाही.
एप्रिल संपताना दहाच्या आत,
मग बोटभर,
मग नखाएवढी.

मेच्या मध्यावर एका दुपारी
साडेबारा वाजून गेल्यावर
दांड्याला सावलीच नव्हती.
सबिहा पापड उलटायला वर आली होती,
तीही थांबली.
पाण्याच्या टाकीच्या पाइपला नव्हती, दोरीच्या बांबूला नव्हती.
हमदानने स्वतःभोवती गिरकी घेऊन पाहिलं,
मग एक पाय उचलला.
"इथे आहे! खाली लपलीय!"

"आता नमाज पढायची?"
नाही, म्हटलं, हा जवाल.
सूर्य डोक्यावर असताना पढत नाहीत, थांबायचं.
"थांबून काय करायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
आम्ही पाच जण थांबलो.
गच्ची तव्यासारखी,
तौसीफ एका पायावरून दुसऱ्या पायावर,
सबिहाच्या हातात अर्धा उलटलेला पापड.
माझी सही असलेल्या कागदावर
ही चार-दोन मिनिटं कुठल्याच रकान्यात नव्हती.
मोबाइल खाली राहिला होता,
हे मला नंतर आठवलं.

मग दांड्याच्या बुडाशी, पूर्वेला,
केसाएवढी काळी कड दिसली.
उमैमा खडू घेऊन वाकली,
आणि तशीच वाकून राहिली,
रेघ मारायची विसरून.

"झालं ना?" सबिहा म्हणाली.
"वजू करा जा.
आणि कुणीतरी तिकडचे पापड उलटा, जळतील."