अव्वल

सोहारच्या मासळीबाजारामागे, टायरवाल्याला लागून
आमचं ढाली-करंडकांचं दुकान.
अलीकुट्टी हिशेब बघतो, मी अक्षरं.

अक्षरं मला भांड्यांनी शिकवली.
फलटणला, भांडेवाल्याच्या पायरीवर बसून
अण्णा यंत्र घरघरवत नावं घालायचे:
चि. शकूस मामाकडून सप्रेम भेट,
कै. गोदाबाईंच्या स्मरणार्थ.
तांब्याला नंबर नसायचा.
नाव एवढ्याचसाठी
की पंगत उठल्यावर वाटी भलत्या घरी गेलीच,
तर वाट विचारत परत यावी.

इथे उजवीकडून डावीकडे हात वळवायला
माझा एक अख्खा उन्हाळा गेला.
अरबी मला वाचता येत नाही, काढता येते.
वेलबुट्टी काढावी तशी.
एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी कानाने ओळखला,
अव्वल.
आमच्या तहसिलीत अव्वल कारकून होता,
अण्णा त्याच्यापुढे टोपी काढून उभे राहायचे.
म्हटलं, अरे, तू इथला होय!

एकवीस वर्षं, दर जूनला,
अव्वल, अव्वल, अव्वल,
आणि त्याखाली कुणीतरी.
सुमय्या बिंत खलफान सलग तीन वर्षं.
चौथ्या वर्षी तिच्या नावाचं वळण दिसेना,
मी कागद उलटा करून पाहिला.
विचारणार कुणाला, आणि कोण म्हणून?

यंदा देशभर अभ्यासक्रम बदलला.
पुस्तकं नवी, दप्तर हलकं, नंबर बंद.
अलीकुट्टीने पेपर वाचून दाखवला,
मग गुदामात जाऊन अव्वलच्या तयार पाट्या मोजल्या.
तीनशे चाळीस.
मग मल्याळममध्ये जे बोलला
ते मी मराठीत आणणार नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या बाई आल्या, राया नावाच्या.
चौथीच्या प्रत्येक मुलाला एक पट्टी हवी,
वर्षभरात काय जमलं ते त्याचं त्यानेच लिहिलेलं.
दोनशे सोळा वाक्यं.
सगळ्यांना बक्षीस म्हणजे कुणालाच नाही,
अलीकुट्टी हळूच म्हणाला.
मी मान हलवली. खोटं कशाला सांगू,
माझ्या पोराला एक्क्याण्णव टक्के पडले तेव्हा
फोनवर मी पहिल्यांदा विचारलं,
नऊ कुठे गेले?

डिलिव्हरीचा सालिम माअमरी दुपारी येतो.
ए.सी.च्या थेंबांखाली बादली सरकवून
तो मला एकेक वाचून, मोडक्या हिंदीत सांगायचा:

मी यंदा कमी रडलो.
शेळी व्याली तेव्हा दिवा मी धरला होता.
भागाकार येत नाही, पण आता विचारतो.
मला समुद्रात डोकं बुडवता येतं.
हमद माझा मित्र झाला, आधी नव्हता.

एवढी वर्षं मी काढत होतो ते काय होतं मग?
अक्षर तेच, सुई तीच.
पितळेचा भुगा नखात तसाच.

एका मुलाने फक्त नाव लिहिलं होतं.
सालिम म्हणाला, वाक्य राहिलंय, बाईंना फोन लावू?
म्हटलं, नको.
हरवला तर घरी पोचेल, एवढं आहे त्यात.

आणि अगदी शेवटी एक चिठ्ठी,
खोडून खोडून कागद फाटायला आलेला.
ती सालिमला वाचावी लागली नाही,
मधला शब्द मला लांबूनच दिसला.
तरी त्याने वाचली:
मी या वर्षी अव्वल आले असते.
अफ्रा बिंत खलफान.

बाईंनी त्यावर काट मारली नव्हती.
मीही मारली नाही.
सवयीचा शब्द, पण हात अडखळला,
लामचा दांडा जरा खोल गेला.

पट्टी मी गठ्ठ्याच्या वर ठेवली.
मग काढून तळाशी घातली.
मग खोकं बंद करायच्या आधी
उघडून, मध्येच कुठेतरी सरकवून दिली.